नुआला हॅन्लीच्या नावाची मिस्सा

फिब्सबरो, डब्लिन
१२ जानेवारी १९९२

कार्मेल, बये,

मला मारायचं ठरलंय. दचकू नकोस, मला म्हणजे टीव्हीवरच्या मिसेस क्विल्टीला. मंगळवारी निर्मात्याने ऑफिसात बोलावलं. समोर चहा आणि क्रीमचा केक. केक बघितला तेव्हाच ओळखलं, कारण इतक्या वर्षांत त्या माणसाने मला साधं बिस्किट विचारलेलं नाही. म्हणाला, "नुआला, लोकांचं तुझ्यावर केवढं प्रेम आहे!" म्हटलं, "बरं, मग जायचं कधी?" बिचाऱ्याचा चेहरा पडला.

नवे लेखक आलेत गं, दाढीवाले पोरगे. त्यांना मालिकेतल्या गावात घटस्फोट हवाय, बेकारी हवीय. फादरच्या घरी भांडी आपटणारी, गावभरच्या चौकशा करणारी म्हातारी कशाला हवी त्यांना? तेव्हा मिसेस क्विल्टी बिशपसाहेबांसाठी चहाचा ट्रे नेताना दारातच कोसळणार. मी विचारलं, "कपबशा फुटणार?" तो म्हणाला, "म्हणजे काय, फुटणारच." म्हटलं, मग जमायचं नाही. ही बाई मरेल, पण दुसऱ्याच्या घरची कपबशी फोडायची नाही. आधी ट्रे खाली ठेवेल, मग मरेल. तेवढं मात्र ऐकलं त्यांनी माझं.

आता मुद्द्याचं. पुढे काम मिळेल असं मला वाटत नाही. माझं तोंड आता माझं राहिलेलंच नाही. दुसऱ्या कुठल्या नाटकात दिसले तर लोक म्हणतील, ही फादरला उपाशी ठेवून इथे काय करतेय? रस्त्यात तेच, दुकानात तेच. "काय मिसेस क्विल्टी, फादरांचा खोकला कसा आहे?" परवा दवाखान्यातल्या मुलीने यादीतून हाक मारली, "नुआला हॅन्ली!" आणि मी बसून राहिले. ही कोण बाई उठत नाही, म्हणून इकडेतिकडे बघत होते. आणि शुक्रवारी शूटिंगवरून येऊन फ्लॅटचं दार लावलं की सोमवारी गाडी न्यायला येईपर्यंत मला माझाच आवाज ऐकू येत नाही.

तुझ्या नवऱ्याला, फिंटनला विचारशील? वरची मागची खोली रिकामीच आहे ना? मला घरी यायचंय, कार्मेल. सुट्टीला नाही, कायमचं.

तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. मालिकेचा पहिला भाग लागला त्या रविवारपासून माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोललेला नाही. आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि मी तिचीच चाल उचलली. उजवा पाय किंचित ओढायचा, हात सारखे ॲप्रनला पुसायचे, आणि समोरचा खोटं बोलला की नाकातून तो एक आवाज. देशभर लोक हसले. फिंटन म्हणाला, "आईला चव्हाट्यावर बसवलंस." अगं, डब्लिनमध्ये आई मला भेटायची ती तेवढीच, ॲप्रन बांधल्यावर. पण हे ऐकून घ्यायला तो थांबला कुठे?

फोनच करणार होते, पण तुमचा फोन त्याच्या खुर्चीमागे. माझा आवाज आला की तो उठून गाईंकडे जातो म्हणे. एक सांगू? मला नुआला म्हणून ओळखून, नुआलावरच चिडलेला असा या देशात तो एकच माणूस उरलाय. बाकी सगळ्यांचं प्रेम मिसेस क्विल्टीवर.

तुझी,
नुआला


किल्नामोरा, रॉसकॉमन
२६ जानेवारी १९९२

नुआला,

विचारलं. सकाळी त्याच्या पुढ्यात अंडी ठेवली, सॉसेज ठेवले, जरा नरम झालाय असं बघून म्हटलं, "नुआलाला घरी यायचंय." त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "गाय व्यायली का बघून येतो." ती गाय मार्चअखेरीस व्यायची आहे! दुपारी पुन्हा काढलं तर कुंपण बघायला गेला. सरळ 'नाही' म्हटलं असतं ना, तर मी भांडले असते. तू शाळेत माझ्या बाकावर बसायचीस तेव्हापासूनचं सगळं काढलं असतं. पण जो माणूस नाहीच म्हणत नाही त्याच्याशी भांडू कशी? तुमच्या हॅन्ली घराण्यात सगळं बोलणं तूच घेऊन बसलीस, त्याच्या वाट्याला काही आलंच नाही.

म्हणून सांगते, आत्ता उतावीळ होऊ नकोस. ईस्टर होऊ दे.

रविवारी तुझी मालिका लागली की तो गोठ्यात जातो, अजूनही. मी एकटीच बघते. गोठ्याच्या खिडकीतून आपल्या बैठकीतला टीव्ही दिसतो का, ते मी कधी जाऊन बघितलं नाही. बघणारही नाही.

आणि मिसेस क्विल्टीला मारतात म्हणजे काय गं! नोनी फ्लॅटलीला हे सांगायची माझी छाती नाही. ती दर रविवारी टीव्हीसमोर दोन कप मांडते, एक स्वतःला, एक क्विल्टीबाईंना. लोक हसतात तिला, पण एकटी बाई आहे, ऐंशीच्या पुढची, हसायचं काय त्यात?

माझी एक बातमी. पित्ताशयात खडे आहेत, मार्चमध्ये गॉलवेला ऑपरेशन. नंतर थोडे दिवस ऑर्लाकडे अ‍ॅथलोनला राहणार, लेकीच्या हातचं खायला. घाबरण्यासारखं काही नाही. काळजी आहे ती तुझ्या भावाची. त्याला किटली कुठे ठेवतात हेसुद्धा ठाऊक नाही.

कार्मेल


फिब्सबरो
२३ फेब्रुवारी १९९२

कार्मेल,

मी मेले. झकास मेले. ट्रे अलगद टेबलावर ठेवला, हात ॲप्रनला पुसले, आणि खाली. कॅमेऱ्यामागच्या पोराचे डोळे भरून आले. मग दिग्दर्शक म्हणाला, "सुंदर! पुन्हा एकदा, प्रकाश गेला होता." तर पुन्हा मेले.

अंत्ययात्रेचं शूटिंग विक्लोच्या त्या नेहमीच्या खेड्यात होतं. मला बोलावलं नव्हतं, शवपेटीत वाळूची पोती ठेवणार होते. पण घरी बसून काय करू? बसने गेले. गावातलेच लोक होते सगळे, अंगात आपापले खरे काळे कोट घालून आलेले. आणि तुला सांगते, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. फादरचं काम करणारा आमचा डर्मट चर्चच्या दारात उभा राहिला आणि रांग लागली. एकेक जण टोपी काढतो, हात हातात घेतो, "फार वाईट झालं हो," म्हणतो आणि पुढे सरकतो. दिग्दर्शक 'थांबा' म्हणून ओरडला तरी रांग थांबेना. निम्मी माणसं हात न मिळवता घरी जाणार कशी? उरलेल्या सगळ्यांनी कॅमेरा बंद झाल्यावर डर्मटचा हात हातात घेतला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मी बाजूला चहाचा कागदी कप घेऊन उभी होते. रांगेतून एक म्हातारा माझ्याकडे आला. मला ओळखलं नव्हतं त्याने, मी माझ्या साध्या कोटात होते. त्याला वाटलं असणार, कुणी नातलग आहे. माझा हात धरून म्हणाला, "फार वाईट झालं, बाई. तुमच्या जवळच्या होत्या का?" मी म्हटलं, "होत्या." आणि कार्मेल, मला तिथेच रडू कोसळलं.

बसमध्ये येताना विचार करत होते. अठ्ठाविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा म्हातारी झाले. गावोगावच्या सभागृहांतून आमची कंपनी फिरायची, आठवतं का? म्हातारीचं काम करणारी बाई आजारी पडली, मी केसांना पीठ लावलं, आणि मॅनेजर म्हणाला, "हिचा चेहरा यासाठीच बनलाय." त्यानंतर कुणी मला तरुण होऊच दिलं नाही. विधवा, नन, मुलाची वाट बघणारी आई, नवऱ्याला शिव्या घालणारी शेजारीण. रेडिओवर तर मी कितीदा मृत्युशय्येवर पडले याची गणतीच नाही. नायकाने जिचा हात धरला अशा बाईचं एकही काम माझ्या वाट्याला आलं नाही. खऱ्या आयुष्यात एकाने धरला होता, तो लिव्हरपूलला गेला. तुला ठाऊकच आहे.

माझ्या वेळी रांगेत कोण असेल गं? आणि दारात उभं कोण राहील?

ऑपरेशनची तारीख कळव. फिंटनला पुन्हा विचारलंस का?

नुआला


गॉलवे, हॉस्पिटलातून
१२ मार्च १९९२

नुआला,

उद्या सकाळी कापणार. फिंटन सोडायला आला होता. त्याला घरातलं सगळं समजावून सांगितलंय, कागदावर लिहूनही दिलंय, तरी तो ब्रेड आणि चहावर जगणार हे मला दिसतंच आहे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "लवकर ये." बस्स, एवढंच. पण त्याच्यासाठी ते भाषणच झालं.

तुझं विचारलं नाही. खोटं कशाला बोलू? ऑपरेशनच्या आधी मला त्याचं तोंड वाकडं बघायचं नव्हतं.

रविवारी तुझा शेवटचा भाग. वॉर्डातल्या बायांनी नर्सबाईकडून टीव्हीची परवानगी काढलीय. मी तुझी वहिनी आहे हे कुणाला सांगितलेलं नाही, नाहीतर टाक्यांसकट प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील.

कार्मेल


फिब्सबरो
१८ मार्च १९९२

कार्मेल,

कशी आहेस? ऑर्लाशी फोनवर बोलले, ठीक आहेस म्हणाली. जीव भांड्यात पडला.

रविवारी एकटीनेच बघितलं. चांगलं झालं होतं, खरंच. संपल्यावर फोनकडे बघत बसले. कुणीतरी करेल, डर्मट करेल, निर्माता करेल. नाही केला कुणी. प्रत्येकाला वाटलं असणार, आज हिच्याकडे फोनची रीघ लागली असेल.

सोमवारी पेपरात माझा फोटो, चांगला अर्धं पान. वर ठळक अक्षरांत, 'गेल्या मिसेस क्विल्टी.' माझं नाव खाली, मुंगीएवढं. आणि आता रस्त्यात काय झालंय सांगू? कुणी हाकच मारत नाही. आधी वैताग यायचा मला त्या हाकांचा. आता लोक बघतात, गोंधळतात आणि नजर वळवतात. मेलेल्या बाईला काय विचारणार, फादरांचा खोकला कसा आहे म्हणून? खाटकाने माझ्यासमोर छातीवर क्रूसाची खूण केली! काल सेंट पॅट्रिकची मिरवणूक बघायला गेले तर एक बाई माझ्या हातात चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेचं कार्ड कोंबून पळाली. माझ्याच आत्म्याच्या शांतीसाठी.

हसतेस ना? मीही हसले. घरी आल्यावर ते कार्ड कुणाला दाखवावं तर कुणी नव्हतं, म्हणून तुला लिहितेय.

पेपरवाले मात्र फोन करत सुटलेत आता. 'मेल्यावर कसं वाटतं?' असले प्रश्न. मी फोन उचलायचं बंद केलंय.

नुआला


अ‍ॅथलोन, ऑर्लाच्या घरून
२५ मार्च १९९२

नुआला,

आधी खाली बस. आणि पूर्ण वाचल्याशिवाय कुणाला फोन करू नकोस. रविवारी किल्नामोरात तुझं मरण झालं.

पहिल्यापासून सांगते. नोनी फ्लॅटलीने क्विल्टीबाईंचा फार धसका घेतला. दोन दिवस जेवली नाही. मग उठली आणि चर्चच्या पॅकीकडे गेली, "बाईंच्या आत्म्यासाठी मिस्सा हवी." पॅकी म्हणाला, "नोनी, जी बाई जन्मालाच आली नाही तिच्यासाठी मिस्सा कशी लावू?" नोनी रडायला लागली. पॅकीचा स्वभाव तुला माहीत आहे, बाई रडली की हा वितळला. म्हणाला, "रडू नकोस, आपण नुआला हॅन्लीच्या नावाने लावू. शेवटी ती एकच बाई ना, पुण्य वाया जायचं नाही." आणि ते नाव त्याने नेहमीच्या कागदावर लिहिलं, तो कागद गेला नव्या तरुण फादरकडे. ते आलेत डोनेगॉलहून, त्यांना कोण हॅन्ली आणि कोण फ्लॅटली. रविवारी वेदीवरून त्यांनी स्वच्छ आवाजात वाचलं, "गेल्या आठवड्यात देवाघरी गेलेली आपल्या गावची कन्या, नुआला हॅन्ली."

फिंटन मागे दाराशी उभा होता, नेहमीसारखा बाप्यांच्या घोळक्यात. टॉम बिर्न त्याच्या शेजारी होता, त्याने मला सांगितलं. फिंटनने चर्चच्या आतच डोक्यावर टोपी घातली. मग लक्षात आलं तशी काढली. मग पुन्हा घातली.

आणि कुणी काही विचारलंसुद्धा नाही गं! पेपरात फोटो आलेला, वर 'गेल्या' म्हणून छापलेलं. ज्यांनी मालिका बघितली त्यांना वाटलं, बिचारीला खरंच काही आजार असणार, म्हणून मालिकेतूनही काढली असणार. मिस्सा संपली आणि चर्चच्या दारातच फिंटनपुढे रांग लागली. सगळ्यांशी हात मिळवले त्याने. घरी येऊन तुला फोन केला. वाजत राहिला, वाजत राहिला. टॉमला म्हणाला, "कोण उचलणार आता?" मला का कळवलं नाही? तर म्हणे माझे टाके तुटतील.

दुपारपर्यंत घर भरलं. हॅम आलं, सँडविच आले, नोनीचा फळांचा केक आला, बाटल्या आल्या. कुणीतरी मयताच्या घरी टाकतात तशी आरशावर चादर टाकली, टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला. प्रेत डब्लिनहून कधी येणार, हे फिंटनला विचारायचं धाडस कुणाला होईना. लोक तुझ्या गोष्टी सांगत बसले. फिंटनने एकच सांगितली. तू लहान असताना गवताच्या गाडीवर उभी राहून बिशप झालेलीस आणि सगळ्या गाईंना आशीर्वाद दिलेला, ती. लोक हसले, म्हणाले, "आणखी सांग." त्याने ग्लास भरायला घेतले. नंतर टॉमला हळूच म्हणाला, "पुढचं मला काही माहीतच नाही रे."

मग नोनी बोलली. म्हणाली, "फिंटन, तुझी आई माझी जिवाभावाची. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता दारात तिचं पाऊल ऐकू यायचं नाही. पण तुझ्या बहिणीने दर रविवारी तिला माझ्या घरात चालवत आणलं. मी कप मांडायचे तो तुझ्या आईसाठी, माझ्या एलनसाठी. क्विल्टीबाई गेली खड्ड्यात."

मला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय. आपण सगळेच मूर्ख, नुआला.

फिंटन खाली बसला म्हणे, आणि सगळ्यांदेखत रडला. आम्ही लग्न केलं त्याला आता किती वर्षं झाली, मी त्याला रडताना बघितलेलं नाही. आणि नेमकी मी तिथे नव्हते.

संध्याकाळी मी जेवलास का विचारायला फोन केला, तर नोनीने उचलला आणि म्हणाली, "फार वाईट झालं, कार्मेल." मी म्हटलं, "माझ्या पित्ताशयाचं?" मग सगळं बाहेर आलं. मी किंचाळले, "डोकं फिरलंय का तुमचं सगळ्यांचं? शुक्रवारी तिचं पत्र आलंय मला!" पलीकडे कुणीतरी फोन ओढून घेतला. मग फिंटनचा आवाज, "जिवंत आहे?" मी म्हटलं, "तुझ्या-माझ्याइतकी." त्याने फोन ठेवला, माणसांकडे वळला आणि म्हणाला, "जिवंत आहे ती. हॅम संपवून जा." आणि गेला गोठ्यात.

तेव्हापासून ओठ शिवलेत. मी तुझं नाव काढलं की फोन ठेवतो. गावात हसं झालं म्हणून चिडलाय की आणखी कशाने, देव जाणे.

कार्मेल


फिब्सबरो
२८ मार्च १९९२

कार्मेल,

रविवारी दुपारी तो फोन वाजला तेव्हा मी इथेच होते. खुर्चीत बसून मोजे शिवत होते. वाटलं, पेपरवाले. थांबला, पुन्हा वाजला, फार वेळ वाजला. मी म्हटलं, किती निर्लज्ज माणसं ही! आणि उठून रेडिओ मोठा केला.

पलीकडे फिंटन होता.

तुझं पत्र वाचून आधी हसून हसून ठसका लागला. मग दिवसभर काही सुचलं नाही. माझ्यासाठी घर भरलं, आणि मी इथे एकटी शिळा ब्रेड भाजत होते. मेलेल्या नुआलाला त्या घरात जागा मिळाली. जिवंतीला मिळेल का, एवढंच त्याला विचार. आता वळसे नकोत. मला हो किंवा नाही हवंय. नाही म्हणाला तर मी इथेच राहीन आणि पुन्हा विचारणार नाही, शपथेवर सांगते.

नुआला


किल्नामोरा
६ एप्रिल १९९२

नुआला,

कार्मेल म्हणाली उत्तर दे. ती घरी नाही म्हणून मीच लिहितो.

इथे ठीक आहे. गाय व्यायली, कालवड आहे. लोकांच्या थाळ्या परत द्यायच्या होत्या, दिल्या. नोनीची राहिलीय.

त्या दिवशी लोक विचारत होते, नुआला कशी होती. मला सांगता येईना. तू चहात साखर घेतेस का नाही, हेही मला माहीत नाही. टॉम बिर्नला त्याच्या बहिणीचं सगळं माहीत आहे, आणि ती बोस्टनला असते. लाज वाटली.

आईवरून राग होता. तो गेला असं म्हणत नाही. नोनी म्हणाली ते ऐकलं. त्या बाजूने मी कधी विचार केला नव्हता.

ईस्टरला काम नसेल तर ये. ड्रायव्हरला सांगितलंस तर बस आपल्या फाटकाशी थांबते. पुढचं पुढे बघू. काही कबूल करत नाही. खोली झाडली आहे.

दारात आईसारखी चालून दाखवू नकोस. तू जशी चालतेस तशी ये.

फिंटन


किल्नामोरा
२२ एप्रिल १९९२

कार्मेल,

तुझ्याच स्वयंपाकघरातून लिहितेय. फिंटन बाहेर आहे. किटली कुठे असते ते त्याला आता ठाऊक झालंय, तू आल्यावर चकित होशील.

गुरुवारी बसमधून उतरले. तो दारात उभा होता, फाटकापर्यंत आला नाही. मी बॅग उचलली आणि निघाले. आता माझी चाल म्हणजे कुठली, सांग बरं? बसमध्ये सगळी वाट तोच विचार करत होते. पण तीन तास बसून गुडघे आखडले होते, उजवा पाय उचलेचना. ओढतच गेले. मनात म्हटलं, मेले, आता हा दार लावून घेणार. जवळ गेले तेव्हा बघितलं, त्याचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "मुद्दाम नाही रे करत." तो म्हणाला, "दिसतंय मला." आणि माझ्या हातातली बॅग घेतली. एवढंच. मिठी नाही, काही नाही. म्हातारा झालाय गं तो. टीव्हीवरून मी त्याला दिसत होते, पण मला तो कुठे दिसत होता?

गेले काही दिवस आम्ही दोघं या घरात दोन पाहुण्यांसारखे वावरतोय. मी बोलायला लागले की तो ऐकतो, पण उत्तर यायला इतका वेळ लागतो की मीच विसरते काय विचारलं होतं ते. ईस्टरच्या मिस्सेला शेजारी शेजारी उभे राहिलो. लोक मला बघायला आले होते, नोनीने तर दंडाला चिमटा काढून खात्री केली. पॅकी माझ्या नजरेला नजर देईना. नवे फादर लाल होऊन माफी मागत होते, मी म्हटलं, "फादर, माझं नाव इतक्या छान आवाजात कुणी घेतलं नव्हतं." संपूर्ण गावात एकानेही मला मिसेस क्विल्टी म्हटलं नाही. सगळे नुआला, नुआला. पहिल्या दिवशी दोन-तीनदा माझ्या लक्षातच आलं नाही.

तरी रात्री त्या खोलीत पडले की वाटतं, आपण इथलेही नाही. भिंतीवर माझा एक फोटो नाही. त्याच्याकडे माझ्या गोष्टी नाहीत, माझ्याकडे त्याच्या नाहीत. आता या वयात कुठून गोळा करायच्या? त्याला काही विचारायला गेले की गोठ्यात जातो. मग कालपर्यंत मी ठरवलं होतं, जावं परत. न बोलावता रेंगाळायचं नाही. त्याने 'पुढचं पुढे बघू' लिहिलं होतं, आणि पुढचं तो काही बघत नव्हता.

सोमवारी जेवताना म्हटलं, "उद्याच्या बसने निघते मी." तो बटाटा सोलत होता. सोलून झाला, मीठ लावून झालं, मग म्हणाला, "मंगळवारी बस नसते."

मी म्हटलं, "असं का?"

"बंद केली," म्हणाला.

काल दुपारी मी बॅग न भरता खिडकीशी बसले होते. तो आत येऊन हात धुवत होता. आणि फाटकावरून बस गेली, कार्मेल. चांगली मोठी, हिरवी, आत चार माणसं बसलेली. आवाज केवढा करते ती! मला दिसली, त्यालाही दिसली. तो नळ तसाच चालू ठेवून उभा राहिला. मग त्याने नळ बंद केला आणि विचारलं, "उद्या गाजरं आणू का?"

नुआला